छोट्या पेटीच्या डव्हटेलसाठी हत्यारं: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

डव्हटेल म्हणजे पेटीच्या कोपऱ्यात दोन फळ्या एकमेकींत अडकवणारा जोड: एका फळीवरचे टोकाकडे रुंद होत जाणारे तुकडे म्हणजे टेल, आणि त्यांच्या मधल्या खाचांत बसणारे दुसऱ्या फळीवरचे तुकडे म्हणजे पिन. त्यासाठी म्हणून जे तयार संच मिळतात, ते बहुतेक १८-२० मिलीमीटर जाड फळी गृहीत धरून जमवलेले असतात. छोट्या पेटीच्या भिंती असतात ६ ते १० मिलीमीटरच्या. त्या जाडीत करवतीचा काप रुंद वाटायला लागतो, ६ मिलीमीटरची पटाशी खाचेत मावत नाही आणि आखणीची सुरी दोन टेलांच्या मध्ये शिरत नाही. म्हणून इथे प्रत्येक हत्यार एकाच कसोटीवर पारखलं आहे: भिंत ८ मिलीमीटर, पेटीची उंची ६० मिलीमीटर, कोपऱ्याला तीन टेल, उतार १:६ (म्हणजे ६ मिलीमीटर लांबीत १ मिलीमीटर तिरकस).

सुरुवात करवतीपासून, कारण जोड घट्ट बसणार की सैल हे तिथेच ठरतं. टेल आणि पिन यांचे काप लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जातात. म्हणजे हे चिरकाम आहे, आडवं कापणं नव्हे. त्यामुळे दात चिरणीचे हवेत. ढकलून चालवायच्या पाठीच्या (वरच्या कडेला जाड पट्टी असलेल्या) करवतींमध्ये व्हेरिटासची इंचाला २० दातांची बारीक करवत या कामाला नेमकी बसते. तिचं पातं सुमारे अर्धा मिलीमीटर जाड आहे. ८ मिलीमीटरच्या फळीत तिचे सहा दात एका वेळी लाकडात असतात, त्यामुळे काप गुळगुळीत येतो आणि सुरुवातीला करवत अडखळत नाही. त्याच कंपनीची १४ दातांची करवत जाड फळीला झपाझप चालते. ८ मिलीमीटरमध्ये तिचे जेमतेम चार दात टेकतात आणि नवख्या हाताखाली ती पहिल्याच ढकलीला उडी मारते. लाय-नील्सनची १५ दातांची करवत या दोघींच्या मधली. बनावट उत्तम, पण फक्त पेट्याच करणार असाल तर २० दातांचीच घ्यावी.

ओढून चालवायची जपानी पाठीची करवत, म्हणजे डोझुकी, हा दुसरा मार्ग. पातं साधारण ०.३ मिलीमीटर, काप अगदी बारीक. इथे घेताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बाजारातल्या बऱ्याच डोझुकींचे दात आडव्या कापासाठी असतात. त्या चिरकामात हळू चालतात आणि रेषा तिरकी असेल तर तिच्यामागे वाहवत जातात. चिरणीच्या दातांची डोझुकी मागून घ्या. तिचे दात ठिसूळ असतात. कडक लाकडात परतीच्या ढकलीला जोर लावला की दोन-तीन दात सहज तुटतात. त्यांना घरी धारही लावता येत नाही, कारण टोकं खास कडक केलेली असतात. पातं बदलायचं हा एकच उपाय, म्हणून बदलता येणाऱ्या पात्याचीच निवडावी. एकदा पातं मुडपलं की ते पुन्हा सरळ होत नाही.

करवत नवी असूनही रेघेवरून भटकत असेल, तर बहुधा तिचे दात जास्त फाकलेले असतात. पातं अर्धा मिलीमीटर आणि काप पाऊण मिलीमीटरच्या वर, असं दिसलं तर पातं सपाट ठेवून दातांच्या दोन्ही बाजूंनी बारीक धारेचा दगड अगदी हलक्या हाताने एकेकदाच फिरवा आणि पुन्हा कापून बघा. ढकलायच्या करवतीला हे चालतं. डोझुकीला हात लावू नये.

पटाश्यांचा सहाचा संच घेऊ नका. ३, ५ आणि १० मिलीमीटर अशा तीन सुट्या पटाश्या पुरतात. हिशोब असा: दोन टेलांमधली खाच तोंडाशी ३ मिलीमीटर ठेवली, तर १:६ उताराने ८ मिलीमीटर खोलीवर ती ५.७ होते. ६ची पटाशी तिथे मावतच नाही. आणि विकत घेताना रुंदीइतकीच पटाशीच्या कडेची जाडी मोजा, कॅलिपर लावून मोजा. टेल तळरेघेपाशी, म्हणजे खाच जिथे संपते त्या रेघेपाशी, निमुळता होतो, त्यामुळे खाचेचा कोपरा काटकोनापेक्षा लहान असतो. पटाशीची कड २ मिलीमीटर जाड असेल, तर धार कोपऱ्याच्या अलीकडे एक तृतीयांश मिलीमीटरवर अडते. जोर केला तर टेलाची कड चेपते, आणि ती चेप पेटी जोडल्यावर बाहेरून दिसते. कड अर्ध्या मिलीमीटरपर्यंत असेल तर हा त्रास राहत नाही. पोलाद नावाजलेलं पण कड जाड, अशी पटाशी या कामाला कमीच पडते. घेतलेलीच असेल तर तिच्या बाजू डायमंड प्लेटवर घासून उतरवता येतात. वेळखाऊ काम आहे, पण फायदा पहिल्याच कोपऱ्यात दिसतो.

नवी पटाशी खोक्यातून काढून थेट वापरण्याजोगी क्वचितच असते. आधी पाठ, टोकाकडची २०-२५ मिलीमीटर तरी, १००० नंबरच्या दगडावर सपाट करा, मग ६००० किंवा ८००० वर चकाकी आणा. धार २५ अंशांची, टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. पाइनसारखं मऊ लाकूड असेल तर २५वरच थांबा. मऊ लाकडाचे टोकाचे तंतू बोथट धारेखाली कापले जात नाहीत, चुरडतात आणि उपटून येतात. शिकायला मऊ लाकूड सोपं हा समज या एका बाबतीत चुकीचा आहे. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. साग वापरणार असाल तर दगड शेजारीच ठेवा. पटाश्यांच्या किमतीत थोडी काटकसर झाली तरी चालेल, दगडांत नको.

तळरेघेवर सरळ पटाशी ठेवून हातोडा मारला की धारेचा उतार पटाशीला मागे ढकलतो आणि रेघ ओलांडली जाते. बाहेरून दिसणाऱ्या फटीचं हे नेहमीचं कारण. आधी रेघेच्या अलीकडे एक मिलीमीटर सोडून धलप्या काढायच्या, दोन्ही बाजूंनी अर्ध्यापर्यंत, आणि शेवटचा थर हाताच्या दाबाने छिलायचा. इतक्या पातळ लाकडाला जड मॅलेट लागत नाही. २५०-३०० ग्रॅमचा पुरे.

मार्किंग गेज, म्हणजे फळीच्या कडेला ठोकळा टेकवून ठरावीक अंतरावर रेघ मारायचं हत्यार, चाकाचा घ्यावा. खिळ्याचा गेज आडव्या रेषेवर तंतू फाडतो. चाक ते कापतं, आणि त्या कापात पटाशीची धार आपोआप बसते. चाकाची सपाट बाजू बाहेर, उतार ठोकळ्याकडे असावा, म्हणजे राखायच्या लाकडाकडची भिंत उभी येते. स्वस्त गेजमध्ये दोन दोष सापडतात: स्क्रू घट्ट करताना माप सरकतं आणि चाक स्वतःभोवती फिरतं. दुकानातच माप लावून स्क्रू आवळून पाहा. माप भिंतीच्या जाडीपेक्षा ०.१ मिलीमीटर जास्त ठेवायचं, जोडल्यावर टोकं रंध्याने सपाट होतात. अर्धा मिलीमीटर जास्त ठेवलंत तर क्लॅम्पचा दाब बाहेर आलेल्या टोकांवरच पडतो आणि जोड पूर्ण बसत नाही.

आखणीची सुरी एका बाजूने सपाट, भाल्याच्या टोकाची आणि पातळ. पातं एक मिलीमीटरच्या आत हवं. सपाट बाजू टेलाला चिकटवून ओढायची, आधी हलकी, मग दाबून. टेल आखायला ०.५ची पेन्सिल चालते, पण टेलांवरून पिन आखताना सुरीच हवी.

गुण्या १०० मिलीमीटरचा. एका कडेवरून रेघ मारून गुण्या उलटा करून पुन्हा मारा. दोन रेघांमध्ये दिसेल त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

पिनांमधला मोठा तुकडा काढायला कोपिंग सॉ (कमानीची करवत) घेऊ नका, तिचं पातं बारीक कापात उतरत नाही. फ्रेट सॉ (तशीच, पण बारीक पात्याची) उतरते आणि तळाशी वळतेही. रंधा छोटा, कमी कोनाचा ब्लॉक प्लेन. १२ अंशांच्या बैठकीवर २५ची धार म्हणजे ३७ अंश, टोकाच्या छेदाला योग्य.

राहिला चुंबकाचा मार्गदर्शक ठोकळा. करवतीला कोनात धरून ठेवतो आणि पहिल्या पेटीला खरोखर मदत करतो. मात्र त्याचा उतार ठरलेला असतो, आणि टेल कापताना त्याची गरजच नसते: टेल एखाद-दुसऱ्या अंशाने चुकला तरी पिन त्याच्यावरूनच आखली जाते. टेलाचा काप फळीच्या रुंद, सपाट बाजूला काटकोनात उतरला पाहिजे, एवढीच अट. ठोकळा घेतलाच तर पिनांसाठी वापरा.