कामिशिबाईची पेटी: मराठीच्या तासाला लोककथेची उलटतपासणी

कामिशिबाई म्हणजे सुट्या चित्रपानांतून गोष्ट सांगण्याची जपानी पद्धत. ती पानं ज्यात उभी राहतात ती तीन दारांची लाकडी पेटी हे तिचं मुख्य साधन. १९३०च्या दशकात तोक्योच्या गल्ल्यांतून सायकलवर अशी पेटी बांधून गोष्टी सांगणारे हिंडत आणि मुलांना गोळ्या-मिठाई विकून पोट भरत. टीव्ही आला, रस्त्यावरचा तो धंदा बसला, पण बालवाड्या आणि वाचनालयांमधून पेटी टिकली. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे धरत, वीणा-टाळ-हुडुक्याच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. हीच चित्रकथी. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या पोथीला पेटी लागत नाही. सांगणाऱ्याचा हात आणि गळा पुरतो. शाळेच्या वर्गात मात्र पेटी मदतीला येते, आणि ती कितपत, हे इथे तपासलं आहे. समोर आहे दुसरी ते पाचवीचा मराठीचा वर्ग, आणि हेतू असा की मुलांनी लोककथा ऐकावी, मग तिला प्रश्न विचारावेत.

आधी रचना. पेटीच्या पुढे चौकट, तिला तीन झडपा: एक वर, दोन बाजूंना. मागची बाजू वाचता येईल इतकी उघडी. एका बाजूला उभी फट असते, तिच्यातून पुढचं पान ओढून काढायचं आणि मागे सारायचं. संच बहुधा १२ किंवा १६ पानांचा असतो. मजकूर मागच्या बाजूला, पण त्याच पानाच्या मागे नाही! पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पानाच्या पाठीवर असतो, दुसऱ्या चित्राचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. पुढचं पान मागे गेलं की सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपोआप योग्य मजकूर येतो. घरी केलेल्या संचांत सर्वांत जास्त चूक इथेच होते. चित्राच्याच पाठीवर त्याचा मजकूर लिहिला, की चित्र उंदराचं आणि वाचन शिंप्याचं. पानं करताना प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘पुढे ५, मागे ६’ असं लिहून घ्या. बारा पानांच्या संचात बाराव्याच्या मागे १ येतो.

गोष्टीच्या पुस्तकात चुणचुणीत मूल शेवटचं पान आधीच पाहून घेतं. मोठ्या पडद्यावर चित्र दाखवलं की सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटतात आणि शिक्षक बाजूला पडतात. पेटीत पुढचं पान झाकलेलं असतं आणि सांगणारा पेटीच्या शेजारीच उभा असतो. शिवाय पान अर्धवट ओढून थांबता येतं: राजवाड्याचं दार दिसतं, पण दारात कोण आहे ते दिसत नाही. ही अर्धी ओढ हेच या साधनाचं खरं मोल.

मात्र इथेच एक गैरसमज होतो. ‘आता काय होईल?’ असं विचारलं की वर्ग भराभर अंदाज सांगतो, गलका होतो आणि तास रंगल्यासारखा वाटतो. नुसता अंदाज म्हणजे विचार नव्हे. त्याच्या पाठोपाठ ‘कशावरून?’ यायला हवं, आणि उत्तर चित्रातल्या किंवा ऐकलेल्या मजकुरातल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवून यायला हवं. हा दुसरा प्रश्न न विचारणाऱ्या वर्गात पेटी करमणुकीपलीकडे जाणार नाही.

उंदराची टोपी ही गोष्ट या कामासाठी आम्हाला सर्वांत चांगली वाटते. संच १२ पानांचा करावा: चिंधी सापडते, धोबी नाही म्हणतो, धमकी दिल्यावर धुऊन देतो, रंगारी, शिंपी, गोंडेवाला, टोपी आणि ढोलकी, राजवाड्यासमोर मिरवणूक, शिपाई टोपी काढून घेतात, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’, टोपी परत, ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली’. पहिल्या दिवशी गोष्ट एकाच जागी थांबवून सांगा, आठव्या पानाच्या अर्ध्या ओढीवर. त्याहून जास्त थांबलात तर ढुम ढुम ढुमाकची लय तुटते, मुलं वैतागतात आणि पुढचे प्रश्न कुणालाच नको होतात. आठ ते दहा मिनिटांत गोष्ट संपते.

दुसऱ्या दिवशी तीच पानं, पण तीन थांबे. तिसऱ्या पानावर विचारा: उंदरानं धोब्याला कामाचे काय दिले? सहाव्या पानापर्यंत चार कारागिरांनी फुकट काम केलेलं असतं, तेही चावडीवरून शिपाई आणण्याच्या धाकानं. दहाव्या पानावर तोच उंदीर राजाला भिकारी म्हणतो. ही विसंगती शिक्षकानं सांगायची नाही. पान ३ आणि पान १० पेटीबाहेर काढून फळ्याच्या कडेला शेजारी शेजारी लावा आणि गप्प राहा. सुटी पानं असल्यामुळे हे जमतं. बांधलेल्या पुस्तकात जमत नाही.

तिसरा थांबा बाराव्या पानावर. फळ्यावर तीन रकाने आखा: राजानं काय केलं, उंदीर काय म्हणाला, दुसरं काय कारण असू शकेल. टोपी घेतली तर राजा भिकारी, परत दिली तर राजा भित्रा. मग प्रश्न असा: ‘राजानं काय केलं असतं तर उंदीर म्हणाला असता की माझं चुकलं?’ चौथी-पाचवीची मुलं दोन-चार पर्याय सुचवतात आणि प्रत्येक पर्यायावर उंदराचं उत्तर तयार असल्याचं त्यांच्याच लक्षात येतं. काहीही घडलं तरी स्वतःच्याच बाजूनं निष्कर्ष काढणारा माणूस ओळखायला शिकणं ही मोठी गोष्ट आहे, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ती समजावणारा इतका नेमका धडा दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही. दुसरीच्या वर्गात तिसरा रकाना सोडून द्या. तिथे ‘राजा खरंच भ्याला का? चित्रात तसं कुठे दिसतं?’ एवढं पुरतं. त्यासाठी चित्र काढतानाच राजाच्या चेहऱ्यावर भीती दाखवू नका. उंदराचं म्हणणं चित्रानंच खरं केलं तर विचारायला काही उरत नाही.

चिमणी-कावळ्याची गोष्ट अवघड आहे, आणि म्हणूनच घ्यायला हवी. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात शेणाचं वाहून जातं, कावळा दार वाजवतो आणि ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ सुरू होतं. शेवट घरोघरी वेगळा. कुठे कावळ्याला चटका बसतो आणि तो उडून जातो, कुठे तो पिलं खातो, कुठे चिमणी उशिरा का होईना दार उघडते आणि गोष्ट तिथेच संपते. मुलांनी आपापल्या आजीकडून शेवट आणावा. वेगळे निघालेले शेवट तारीख-गाव घालून फळ्यावर लिहावेत. ‘खरा कुठला?’ हा प्रश्न मुलं विचारतातच. तेव्हा उत्तर देऊ नका. उलट विचारा की कुठल्या शेवटात गोष्ट सांगणारा चिमणीच्या बाजूचा आहे, आणि ते कुठल्या शब्दांवरून कळलं.

इथे एक सावधगिरी. कावळ्यानं काहीही करण्याआधीच वर्ग त्याला लबाड ठरवतो. कारण विचारलं तर ‘काळा आहे’, ‘घर शेणाचं आहे’ अशी उत्तरं येतात. वर्गात शेणामातीच्या घरात राहणारी मुलं असतात. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये आणि ते देणाऱ्या मुलाला ओरडूही नये. ‘या गोष्टीत कावळ्यानं आतापर्यंत काय काय केलं?’ याची यादी फळ्यावर मांडली की ती कोरीच राहते, आणि सांगायचं ते कोरी यादी सांगते.

पर्यायी शेवटांसाठी पेटी सोयीची, पण एक खोच आहे. अकरावं चित्र बदललं तर त्याचा मजकूर दहाव्याच्या पाठीवर असल्यानं चित्र नवं आणि शब्द जुने राहतात. प्रत्येक पर्यायासाठी दोन्ही पानं पुन्हा करण्यापेक्षा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून मागच्या पानाला क्लिपनं लावा. क्लिप वरच्या कडेला लावा, बाजूला लावली तर फटीत अडकते.

भोपळ्यातल्या म्हातारीत एकच प्रश्न पुरेसा आहे: ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, मग मला खा’ हा शब्द म्हातारीनं मोडला, ते बरोबर की चूक? बाजू घेणाऱ्यानं ‘कारण’, ‘तरीही’, ‘जर–तर’ यांपैकी एक तरी शब्द वापरून वाक्य करायचं. भाषेचा तास आहे, तर्क वाक्यातच उभा राहायला हवा.

मुलांनी स्वतः केलेला संच हा यापुढचा टप्पा. गटात चार मुलं, आठ पानं, प्रत्येक पानामागे दोन-तीन वाक्यं. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद घरच्या बोलीत ठेवू द्या: मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती. म्हातारी अहिराणीत वाघाला गंडवू लागली की लाजणारी मुलंही पेटीमागे उभी राहतात. अक्षर मोठं, १६ ते १८ पॉइंटएवढं हवं, कारण वाचणारा तिरका उभा राहून वाचतो.

आता खरेदी. तयार पेट्या दोन मापांत येतात आणि ती मापं एकमेकांत बसत नाहीत. जपानी पान साधारण २६.५ × ३८ सेंटिमीटरचं, तर युरोपात ए-थ्री, म्हणजे २९.७ × ४२ सेंटिमीटरचं माप रूढ आहे. ए-थ्री पेटीत जपानी पानं घातली तर ४ सेंटिमीटरची फट राहते, पानं सरकतात आणि मागचं चित्र कडेनं डोकावतं, म्हणजे सगळं गुपितच फुटतं. पुठ्ठ्याची पट्टी घालून भागतं. उलट मात्र जमणारच नाही. आपल्याकडे ए-थ्री कागद आणि छपाई कुठेही मिळते, तेव्हा तेच माप घ्या.

आमचा कौल सुताराकडून करून घेण्याला. चौकट १२ मिलिमीटर प्लायची, झडपा ६ मिलिमीटरच्या, आतली जागा ४३ × ३०.५ सेंटिमीटर, पुढची खिडकी चारही बाजूंनी पानापेक्षा सेंटिमीटरभर लहान. वजन दोन किलोच्या आसपास भरतं. पानं ज्यात उभी राहतात ती खाच १२ ते १५ मिलिमीटर रुंद. ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला कागदाचं ग्रॅममधलं वजन) १६ पानं जेमतेम ६-७ मिलिमीटर होतात, पण पावसाळ्यात कागद दमट होऊन वाकतो आणि घट्ट खाचेत पान अडकतं; फार रुंद केली तर पानं पुढे झुकतात. चकचकीत लॅमिनेशन टाळा, खिडकीचा उजेड त्यावर पडला की निम्म्या वर्गाला चित्रच दिसत नाही. मॅट चालतं. मुलं जमिनीवर बसणार असतील तर ७० ते ७५ सेंटिमीटर उंचीचं टेबल, आणि शेवटची रांग चार मीटरच्या आत. तीस-पस्तीस मुलांपर्यंत हे ठीक. साठांच्या वर्गात दोन गट करावेच लागतात.

पहिल्या महिन्यासाठी जाड खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली पेटी पुरते. झडपांचे सांधे आधी फाटतात, तिथे कापडी चिकटपट्टी लावा. सुताराकडे जाताना मात्र नुसतं माप घेऊन जाऊ नका. सोळा पानांचा खरा संच न्या, रंगकाम होण्याआधी तो खाचेत घालून सगळी पानं एकेक करून ओढून पाहा, आणि जिथे कड घासते तिथे त्याच्याकडून तेव्हाच पॉलिशपेपर मारून घ्या.