झिजलेली चाकं: लेथ, वेल्डिंग की नवी धाव?

वाफेचं इंजिन जॅकवर उचललं की सगळे आधी फ्लॅन्ज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारा कंगोरा, बघायला वाकतात. निर्णय मात्र टायरची, म्हणजे चाकावर आवळून बसवलेल्या पोलादी धावेची, जाडी किती उरली यावर होतो. प्रत्येक चाकावर चार ठिकाणी ती मोजा, मगच पुढचं बोला. ब्रॉडगेजवर फ्लॅन्ज 16 मिमीच्या खाली गेला किंवा ट्रेड (रुळावर टेकणारा भाग) 5 मिमी खोलगट झाला की चाक चालवत नाहीत. नॅरोगेजचे आकडे त्या इंजिनाच्या ड्रॉइंगवरूनच घ्यायचे.

लेथ. टायर कातून पुन्हा आकारात आणायचा. जाडी शिल्लक असेल तर हाच मार्ग. पण फ्लॅन्ज परत जाड करायचा तर ट्रेडच खाली आणावा लागतो. फ्लॅन्जचा उतार 70 अंशांचा धरला तर 1 मिमी जाडी मिळवायला त्रिज्येतून पावणेतीन मिमी जातात. म्हणजे फ्लॅन्ज 3 मिमी झिजला असेल, तर 40 मिमीचा टायर 32 च्याही खाली येतो. शिवाय कपलिंग रॉडने जोडलेली सगळी चाकं एकाच व्यासाची हवीत. एक जोडी झिजली म्हणून तेवढीच कापली, तर बाकीची घसरत चालतात आणि रॉडच्या टोकांतले बुश (आतली कडी) झिजवतात.

आपल्याकडे कोकणात अडचण लेथची आहे. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली तोवर ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची इंजिनं थांबलेली होती, त्यामुळे या चाकांची कामं किनारपट्टीवर रुजलीच नाहीत. ॲक्सलसकट चाकं घाट चढवून न्यायची, हे ट्रकभाडं हिशेबात आधीच धरा.

वेल्डिंग. स्वस्त दिसतं म्हणून मोह होतो. टायरच्या पोलादात कार्बन भरपूर. थंड चाकावर टाका मारला की त्याच्या कडेला काचेसारखा ठिसूळ थर बनतो आणि तिथून तडा जातो. आधी 250 ते 300 अंशांपर्यंत तापवणं, नंतर राखेत किंवा ग्लासवूलमध्ये सावकाश निववणं, दोन्ही हवंच. आपल्या दमट हवेत वेल्डिंगचे लो-हायड्रोजन रॉड तासाभरात ओल धरतात. 300 ते 350 अंशांवर भाजून गरम डब्यातूनच वापरा. अर्थिंग त्याच चाकाला लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. सगळ्यात वाईट म्हणजे या उष्णतेने घट्ट बसलेला टायर सैल होऊ शकतो. फ्लॅन्जवरचा एखादा खड्डा भरायला ठीक, पण ट्रेडवर आमचा कौल नाही.

नवी धाव. तत्त्व बैलगाडीच्या चाकाचंच: लोखंडी धाव तापवून फुगवायची, चाकावर उतरवायची, निवली की आवळते. 700 मिमीच्या चाकाला टायर आतून साधारण 0.7 मिमी लहान कातून (बोअर करून) घेतात. गॅस रिंगने 220 अंश तापमान वाढवलं की तो सुमारे 1.8 मिमी फुगतो. उतरवायला 1 मिमीहून जास्त मोकळीक मिळते. लोहार गाडीच्या चाकावर पाणी ओततो, कारण आत लाकूड असतं. इथे थेंबही नको, टायर आपोआप निवू द्या.

चूक बहुधा मोजताना होते. चाक शेडमध्ये आणि टायर अंगणात उन्हात, असं 20 अंशांचं अंतर पडलं तर 0.17 मिमीचा घोळ, म्हणजे आवळणीचा जवळजवळ चौथा हिस्सा. दोन्ही रात्रभर एका छपराखाली ठेवा, पहाटे मोजा. चाकाच्या कडेवरचा खारट हवेचा गंज चमकेपर्यंत काढा. त्याचा पापुद्रा दबला की टायर सैल पडतो.

जाडी पुरत असेल तर लेथ. एका चाकाची जरी पुरत नसेल तरी सगळे टायर एकदम बदला, पैसे जमेपर्यंत इंजिन उभं ठेवा. हे काम दिवाळीनंतर काढा, आगोटीच्या तोंडावर नको.

बसवल्यावर टायर आणि चाक यांच्यावरून आडवी पांढरी रेघ मारा. प्रत्येक फेरीनंतर ती पाहा आणि हातोडीने ठोकून आवाज ऐका. रेघ तुटलेली दिसली, सांध्यातून लालसर गंज पाझरला किंवा खणखणीत आवाज बद्द झाला, तर इंजिन शेडबाहेर काढू नका.