मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव (५ पैकी ५)

मुलगी गाणं शिकतेय म्हणून मागच्या वर्षी ऑनलाइन तंबोरा मागवला, जाहिरातीत 'ओरिजिनल मिरज' लिहिलेलं आणि किंमत मिरजेपेक्षा बरीच कमी. सांगलीत राहून मिरजेचा तंबोरा ऑनलाइन घेतला ही आमची चूकच. एप्रिलच्या उन्हात तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी) भोपळ्यापासून सुटली, दांडीला बाक आला आणि विकणाऱ्यानं फोन उचलायचंच बंद केलं.

शेवटी सतारमेकर गल्लीत गेलो. दुकान अगदी छोटं, वर भोपळे टांगलेले (हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात), खाली लाकडाचा भुसा. दुकानातल्या कारागीर चाचांनी तबलीवर बोटानं टकटक केलं, जोडाला नख लावलं तर भुसा आणि फेव्हिकॉलचा पापुद्राच हातात आला. म्हणाले, "ताई, लाकूड ओलं असतानाच कापलंय, हे आज ना उद्या सुटणारच होतं." त्यांच्याकडं तूनच्या लाकडाच्या फळ्या कडेला उभ्या करून ठेवल्यात, नीट वाळल्याशिवाय हात लावत नाहीत.

खरं काम बघायचं तर जवारीचं, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासून जुळवायचं, बघा. घोडी (तबलीवरची, जिच्यावर तारा टेकतात ती) कानसेनं जराशी घासायची, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, परत उतरवायची, असं किती वेळा केलं मोजलंच नाही मी. मग तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि खर्ज असा काही घुमला की पोरगी उठून उभीच राहिली.

खर्च साडेचार हजार, आणि मी एक रुपया कमी करा म्हटलं नाही. आमच्यासमोरच एकजण "सुतारकामच तर आहे, एवढे कसले पैसे" म्हणून वाद घालत होता, ते ऐकून फार वाईट वाटलं. या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं बनवणारे, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासनं ही विद्या मिरजेत रुजली आणि मैफलीत गायकाचं, तबलजीचं सगळ्यांचं नाव घेतात, तंबोरा कुणी केला ते कोण सांगतं? २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे वस्तू खरंच त्या गावची असल्याची सरकारी ओळख) मिळालं, फार आनंद झाला, पण नुसतं 'मिरज' छापून कुणीही काहीही विकत असेल तर ह्यांना त्याचा उपयोग काय? म्हणून घेताना सरळ विचारा, जीआयचा टॅग आहे का, लाकूड कुठलं, किती दिवस वाळवलंय, कुणाच्या हातचं आहे. चांगला कारागीर ह्या प्रश्नांना चिडत नाही, उलट खूश होऊन दाखवतो.

तक्रार म्हणाल तर आठ दिवस सांगितलेले बारा लागले, आणि गल्लीत चारचाकी नेऊ नका, लांबच लावा. शुक्रवारी दुपारी नमाजला बंद असतं, फोन करूनच जा.