मुक्तलेखनाचा गट की चर्चेचा गट? आधी कुठे जावं

लिहायची हौस आहे, रविवारची सकाळ मोकळी ठेवता येते आणि जवळपास लिहिणाऱ्यांचे दोन गट चालतात. एकात सगळे तिथेच बसून लिहितात. दुसऱ्यात घरून लिहून आणलेलं वाचतात आणि त्यावर चर्चा होते. कुठे जायचं?

मुक्तलेखनाच्या गटात एक साधा विषय मिळतो, उदाहरणार्थ ‘माळ्यावरची ट्रंक’. दहा मिनिटांचा गजर लावतात. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. सुचेना झालं तर ‘काय लिहू, काय लिहू’ असंच लिहीत राहायचं. अमेरिकेतले प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ सालच्या पुस्तकातून ही पद्धत रुजवली. लिहिता लिहिताच तपासत बसलं की लिहिणं अडतं, म्हणून ही दोन कामं वेगळी करा, हा त्यांचा आग्रह.

पहिली दोन-तीन मिनिटं बहुतेकांच्या पानावर ठोकळेबाज वाक्यं उतरतात: ट्रंक जुनी होती, गंजली होती, आजीची आठवण होती. मग ती संपतात, आणि हात तर थांबवता येत नाही. तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं आजोबांच्या बदलीचं गाव दिसतं. मला या पद्धतीचं मोल वाटतं ते इथे. आणखी एक गोष्ट घडते: घरची बोली कागदावर येते. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारा माणूस ‘साहित्यिक’ मराठी जुळवायला जातो आणि अवघडतो. घाईत ते जुळवायला वेळच मिळत नाही.

उणीव मात्र खरी आहे. वह्या भरतात, कथा पूर्ण होत नाही. सुरुवातींचा ढीग साठतो आणि शेवट कुणी मागत नाही.

चर्चेचा गट नेमका तोच मागतो. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश असे कवी एकत्र जमून एकमेकांना कविता वाचून दाखवत. ही रीत आपल्याकडे नवी नाही. चांगल्या गटात लेखक वाचतो आणि गप्प बसतो, बाकीचे बोलतात. ‘कथा तिसऱ्या परिच्छेदात सुरू होते, आधीचं काढून टाका,’ असं एक वाक्य कित्येक महिन्यांची अडचण सोडवतं. वाईट गटात नुसतं ‘वा, छान!’ होतं, नाहीतर ज्येष्ठ मंडळी आपलंच मत ताणत बसतात. शिवाय इथे गृहपाठ आहे. इतरांचं लेखन आधी मन लावून वाचावं लागतं. ते जमणार नसेल तर जाऊ नये.

हातात वही कोरी असेल, किंवा बरीच वर्षं लिहिणं सुटलं असेल, तर मुक्तलेखनाच्या गटात जा. कच्च्या मजकुरावर टीका ऐकली की नवखा माणूस पुन्हा फिरकत नाही. दिवाळी अंकाला पाठवायची कथा अर्धी तयार असेल तर सरळ चर्चेचा गट गाठा. तिथे दहा मिनिटांचं लेखन फारसं कामाचं नाही. दोन्ही परवडत असतील तर आधी वही भरू द्या, मग तिच्यातलं एखादंच पान निवडून, घरी नीट लिहून चर्चेला न्या. त्याच दिवशीचं मुक्तलेखन मात्र कुणाला तपासायला देऊ नका.

आत शिरण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. मुक्तलेखनाच्या गटाला: लिहिलेलं वाचून न दाखवण्याची मुभा आहे का? मनातलं बरंच काही त्या पानावर सांडतं, त्यामुळे ‘नाही’ असं उत्तर आलं तर परत फिरा. चर्चेच्या गटाला: एका बैठकीत किती जणांचं लेखन घेता? दोन-तीन असेल तर बरं. सात-आठ जणांचं उरकत असतील तर तिथे वाचन होत असेल, चर्चा होत नसणार.

गावात एकच गट असेल तर त्यांना वेळेची वाटणी सुचवून पाहा: चहाआधी अर्धा तास सगळ्यांनी लिहायचं, त्यावर कुणी काही बोलायचं नाही, चहानंतर घरून आणलेल्या लेखनावर चर्चा.