ट्रायलच्या नावाखाली गोव्याला बोलावून पैसे उकळणाऱ्यांविषयी

कोल्हापुरात तालमीकडून, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या संघाकडून, खेळणाऱ्या फुटबॉलपटूचा हंगाम डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर आला की संपतो. पाटाकडील आणि दिलबहार हे तालीम संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियम गच्च भरते, पेठेत खेळाडूला मान मिळतो. पण तालमीच्या मानधनावर वर्ष निघत नाही, म्हणून मी शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतो. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून ‘बाहेर’ खेळायला जाणे इथल्या पोरांना अशक्य वाटत नाही, आणि भामटे नेमके यावरच जगतात.

अशाच एकाचा मला फोन आला तो हंगाम संपल्यावर, मैदाने बंद आणि हात रिकामे असताना. "भावा, तुझी ती फ्री किक कोचनी तीनदा बघितली," असे तो म्हणाला. (माणूस कोल्हापूरचा नव्हता, ‘भावा’ मात्र शिकून आला होता.) सामन्यांचे चित्रण यूट्यूबवर कोणालाही सापडते, त्यामुळे माझा खेळ त्याला तोंडपाठ असण्यात नवल नव्हते. मग गोव्यातील एका जुन्या क्लबच्या नावाचे पत्र व्हॉट्सॲपवर आले. त्यावर गोल शिक्का आणि सही होती, पत्ता मडगावचा होता, पिन कोड मात्र ४०३४०१, म्हणजे फोंड्याचा. मडगावचा ४०३६०१ आहे. नोंदणीचे म्हणून १५,००० रुपये आणि पुढे वैद्यकीय तपासणी व विम्याचे ३०,००० रुपये त्याने एका व्यक्तीच्या खात्यावर यूपीआयने घेतले. भाड्याच्या मैदानावर ट्रायलही झाली. बेळगाव-सांगलीकडची पोरे होती, एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत होता, पण क्लबचा एकही माणूस तिथे नव्हता. त्यानंतर पोर्तुगालमधील ट्रायलसाठी व्हिसाचे पैसे मागितले गेले आणि मी नकार देताच फोन बंद झाला.

चौकशीत कळले ते असे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या (एआयएफएफ) सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंदणी क्लबमार्फत होते. ती करून देण्यासाठी मध्यस्थाच्या खाजगी खात्यात पैसे भरण्याचा प्रश्नच येत नाही. फिफाने २०२३ पासून एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा केला असून परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. या माणसाचे नाव तिथे नव्हते. पत्रावर छापलेल्या क्रमांकावर विचारून उपयोग नाही, कारण तो त्यांचाच असतो. क्लबचा क्रमांक स्वतंत्रपणे मिळवून विचारावे. मी विचारले, तेव्हा असे पत्र आम्ही दिलेच नाही, असे क्लबने सांगितले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार पैसे गेल्यावर काही तासांत केली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. माझी तक्रार उशिरा झाली आणि खाते तोवर रिकामे होते. पावत्या, संभाषण आणि ते पत्र मी पोलिसांना दिले आहे. यंदा तसेच पत्र, त्याच चुकीच्या पिन कोडसह, मिरजेच्या एका गोलरक्षकाला आले आहे. फक्त खातेदाराचे नाव बदललेले आहे.