गड्ड्यापासून गणपतीपर्यंत: स्टेजवर लॅपटॉप-कीबोर्डचा अनुभव

अरेंजर कीबोर्ड (ठेका-बासची साथ स्वतःच वाजवणारा) बाजूला ठेवून लॅपटॉप आणि ६१ कीजचा मिडी कंट्रोलर, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला, फक्त लॅपटॉपला सूर कळवणारा कीबोर्ड घेतला तो जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास. मधे अख्खी लग्नसराई गेली, आता गणपती तोंडावर आलेत. लॅपटॉपमधले वाद्यांचे आवाज स्टेजवर वाजवायचं सॉफ्टवेअर 'गिग परफॉर्मर'. ॲपलचं तसंच 'मेनस्टेज' का नाही, असं बरेच जण विचारतात. ते फक्त मॅकवर चालतं आणि माझ्याकडे विंडोज, विषय संपला. नुसतं चाखून बघायचं असेल तर विंडोजवर 'कँटाबिल'ची लाइट आवृत्ती फुकट मिळते.

आवाज चांगलेच आहेत, त्यावर शब्द खर्च करत नाही. खरा घाम काढला तो हार्मोनियमने. सॅम्पल, म्हणजे खऱ्या पेटीचे रेकॉर्ड केलेले सूर, झकास, पण वाजवलं की पेटी वाटेचना. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज ठरतो भात्यावर. कंट्रोलर मात्र प्रत्येक दाबाचा वेग १ ते १२७ मध्ये मोजून पाठवतो आणि लायब्ररी (त्या सॅम्पलचा संच) त्याप्रमाणे सूर लहानमोठा करते. जलद तान घेतली की करंगळीचे सूर गळालेच. शेवटी व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे दाबाच्या वेगावरून आवाज ठरवणारी रेघ, सपाट करून सगळे सूर १०० वर बांधले आणि भात्याचं काम एक्स्प्रेशन पेडलला, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या पायपट्टीला (मिडीच्या भाषेत सीसी ११) दिलं. आमचे पेटीवाले काका म्हणाले, "आता पायानं भाता मारतोस व्हय?" त्यांना म्हटलं, संगीत नाटकातल्या ऑर्गनला भाता पायानंच मारायचे की. आता तेच अधूनमधून पेडल मागून घेतात.

दुसरी गोष्ट बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून घेतो तो तुकडा. मोठा ठेवला तर उशीर, छोटा ठेवला तर प्रोसेसरवर ताण. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद उशीर, ५१२ चा जवळपास १२. आकडा किरकोळ वाटतो, पण ढोलकीवाला शेजारी बसलेला असला की १२ मध्ये आपण ठेक्यामागे लोंबकळतोय हे बोटांना कळतं. मॉनिटर जितका लांब तितकी त्यात भर, कारण आवाजाला हवेतून एक मीटर यायलाच ३ मिलिसेकंद लागतात. एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर हा उशीर कमी ठेवणारा) असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजाची बाहेरची पेटी, घ्याच, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकवर स्टेज करू नका.

हिवाळ्यात १२८ वर लोण्यासारखं चाललं. मे महिन्यात सोलापूरचं ऊन, वर पत्र्याचा मांडव, दुपारचं रिसेप्शन. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आवाजात चटचट सुरू होते. उन्हाळ्यात मी २५६ वर जातो, लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवतो आणि जड स्ट्रिंग्जऐवजी हलकी लायब्ररी लावतो. फरक मांडवात कुणाला कळत नाही. चार्जर लावल्यावर घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ग्राउंड लिफ्टवाला (अर्थिंगची जोड तोडणारा) डीआय बॉक्स लावा. वायफाय आणि अपडेट घरूनच बंद करून निघा.

सेटलिस्टवर मात्र मी खूश आहे. प्रत्येक गाण्याला पॅच (ठरलेला आवाज), स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे आवाज) आणि गायकाची पट्टी आधीच सेव्ह. एक गायिका काळी दोनमध्ये गाणार, दुसरी गायिका पांढरी पाचमध्ये. आता ट्रान्सपोजच्या (पट्टी बदलायच्या) बटणाला हातच लागत नाही. पूर्वी सूर धरलेला असताना ते दाबलं गेलं की तो सूर अडकून बोंबलत राहायचा. सॉफ्टवेअरमधल्या 'पॅच पर्सिस्ट' या सोयीमुळे आवाज बदलताना आधीच्या आवाजाची शेपूटही तुटत नाही.

अडचण येते फरमाईशीत. आपल्याकडे लावणी संपते न संपते तोच कन्नड गाण्याची चिठ्ठी येते, तिच्यामागे तेलुगू. गाणं यादीत नसलं तर शोधत बसायला वेळ कुठला? म्हणून एक वेगळी रॅकस्पेस (सॉफ्टवेअरमधला आवाजांचा संच) केली आहे: पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास, सनई, पेटी, प्रत्येकाला कंट्रोलरचं एक पॅड. निम्मा कार्यक्रम त्यावरच निघतो, खरं सांगायचं तर.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या हॉलमधला, तालीम झालेला कार्यक्रम असेल तर हा सेटअप डोळे झाकून न्या. तरी जुना अरेंजर विकलेला नाही. मिक्सरच्या शेजारच्या चॅनेलवर तो चालूच असतो, आणि हळदीला तर तो एकटाच नेतो. तिथे ठेका-बास सगळं डाव्या हाताच्या दोन बोटांवर लागतं, आणि लॅपटॉपच्या आसपास हळदीचे हात फिरलेले मला परवडणार नाहीत.