स्वरयंत्राच्या फ्रॅक्चरसाठी विरघळणाऱ्या प्लेटा: प्लेट झकास, स्क्रू कटकटीचे

ईएनटीवाल्यांसाठी लिहितोय. स्टिअरिंगवर गळा आपटला, बाईकवर आडवी तार लागली, खेळताना कोपर बसलं, अशा केसेस तशा कमीच येतात, त्यामुळे बहुतेक वेळा चेहऱ्याच्या हाडांसाठीचा विरघळणारा मिनीप्लेट सेटच इथे वापरला जातो.

प्लेट एकदम आवडली. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक अॅसिडचं मिश्रण असतं, आधी कडक, गरम पाण्याच्या बाथमध्ये टाकली की मऊ पडते आणि मग पटकन थायरॉइड कूर्चेच्या (स्वरयंत्राच्या पुढच्या लवचिक ढालीच्या, जिचा उंचवटा म्हणजे कंठमणी) कोनावर दाबून धरायची, गार झाली की तोच आकार धरते, टायटॅनियमसारखं पक्कड घेऊन वाकव, लावून बघ, परत वाकव असं काही नाही. नंतरच्या सीटीत धातूची चमकही येत नाही. लहान मुलांत तर मी हीच घेईन, वाढत्या स्वरयंत्रात कायमचा धातू कशाला ठेवायचा.

पण स्क्रू! आधी ड्रिल, मग टॅप (भोकात आटे पाडायचे), मग स्क्रू, आणि जरा जास्त पिळला की डोकं तुटून हातात. तरुण पेशंटची कूर्चा मऊ असते, आटे धरतच नाहीत, ड्रिल एक साइज बारीक घ्या, तरी नाही धरला तर सरळ प्लेटच्या भोकातून टाके मारा. वयस्कर माणसात कूर्चेचं हाड झालेलं असतं, तिथे पकड मस्त. प्लेट टायटॅनियमपेक्षा जाड असते, बारीक गळ्यात हाताला लागते काही दिवस.

विरघळायला किती वेळ ते मटेरियलवर आहे, मिश्रण असेल तर साधारण वर्षभर, नुसतं पॉलिलॅक्टिक असेल तर काही वर्षं, म्हणून कंपनीवाल्याला नीट विचारा. कूर्चा जुळायला काही आठवडे लागतात, तेवढा जोर टिकला की झालं. विरघळताना एखाद्याला सूज येते, पेशंटला आधीच सांगून ठेवा.

आणि प्लेट लावली म्हणजे आवाज आला असं नाही हो. आतली म्युकोसा (ओलसर अस्तर) फाटलेली असेल तर ती आधी शिवा, पुढची कमिशर (दोन्ही स्वरतंतू पुढे जुळतात ती जागा) चिरडली असेल तर स्टेंट (आतून आधार देणारा साचा) लागणारच, श्वास अडकत असेल तर या सगळ्याच्या आधी ट्रॅकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनलिकेत श्वासासाठी नळी), तीही शक्यतो जागेपणी.

केस घेण्याआधी बाथ चालू आहे ना, जास्तीचे स्क्रू आहेत ना आणि पाकिटाची एक्सपायरी बघून घ्या, कारण उघडलेलं पाकीट परत ऑटोक्लेव्ह (गरम वाफेने निर्जंतुक) करता येत नाही, प्लेट वाकडी होऊन बसते.